पोहण्याच्या तलावाकाठची बोटभर फट

मी एका माणसाचा सूड घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. सूड म्हणजे मी कुणाला विष घातलं नाही, कुणाच्या गाडीचे टायर कापले नाहीत. पाच महिने गप्प बसले, एवढंच. पण ठरवून गप्प बसले, आणि त्या पाच महिन्यांत रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या फोनवर हवामान बघत होते, की आज तरी पारा शून्याखाली जातोय का.

ब्रिस्टलमध्ये टेकडीच्या उतारावर एक जुना क्लब आहे. टेनिसची तीन कोर्टं, एक बार, आणि मागच्या बाजूला उघड्यावरचा पंचवीस मीटरचा स्विमिंग पूल. मे ते सप्टेंबर तो चालतो. मी तिथे लागले ती चेंजिंग रूम साफ करायला. नागपूरच्या पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा आणि साइटवरची नऊ वर्षं माझ्यापाशी होती. पण नवऱ्याला इथल्या विमानांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही आलो, तेव्हा माझ्या त्या कागदाला कुणी विचारलं नाही. लेक लहान होती. तिची शाळा सुटायच्या आत घरी पोचता येईल असं काम हवं होतं, ते हे मिळालं. फरशी पुसता पुसता मी खिडकीतून पूलकडे बघायचे, आणि माझी नजर पाण्यावर नाही, काठावर जायची.

पूलच्या काठाचे दगड पूलच्या भिंतीवर बसवलेले असतात. त्यांच्या पलीकडे आपण ज्याच्यावरून ओल्या पायांनी चालतो तो काँक्रीटचा डेक असतो, आणि तो बसलेला असतो जमिनीवर. ही दोन वेगळी बांधकामं. डेक उन्हाने फुगतो, थंडीत आकसतो, खालची माती ओली झाली की थोडा वर येतो. पूलची भिंत बिचारी आपल्या जागी असते. म्हणून दोघांच्या मध्ये सगळीकडून एक बोटभर फट ठेवतात. तिच्यात खाली फोमची दोरी दाबायची आणि वर रबरासारखं लवचीक सीलंट भरायचं. याला एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात. डेकला हलायला जागा द्यायची आणि पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, ही त्याची दोन कामं. नीट असला तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

नसला तर काय होतं ते मी पाहिलेलं होतं. नागपुरात एका क्रीडा संकुलाच्या पूलवर मी नवीनच लागले होते, आणि ठेकेदाराने ही फट सरळ सिमेंटने बुजवून टाकली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी, ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं, आणि धाडकन आवाज झाला. काठाचे सात दगड जागच्या जागी उभे राहिले. माझ्या हातात चहाचा कप होता. तो तसाच हातात धरून मी किती वेळ बघत राहिले होते.

क्लबातला जॉइंट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो वाळून कडक झालेला होता आणि त्यातून गवत उगवलं होतं. तेव्हाचा मॅनेजर म्हातारा, मितभाषी माणूस होता. त्याला मी जाऊन सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवरमधून एक कटर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "मग कर," म्हणाला. तिथून पुढे सहा वर्षं दर एप्रिलमध्ये मी तो जॉइंट बघत आले.

ते काम मला आवडायचं. गुडघ्यांखाली जुनी योगा मॅट घ्यायची आणि बोथट पट्टीने टोचत टोचत अख्ख्या पूलला प्रदक्षिणा घालायची. जिथे सीलंट कडेपासून सुटलंय तिथे पट्टी आत जाते. तेवढा भाग कापून काढायचा, फट ब्रशने घासायची, व्हॅक्यूम मारायचा, आणि मग ती पूर्ण कोरडी होऊ द्यायची. ब्रिस्टलमध्ये खरी परीक्षा इथेच असते. दोन्ही बाजूंना टेप लावायची, आत फोम, वर सीलंट, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीने एक सलग हात फिरवायचा, आणि सीलंटने साय धरायच्या आत टेप ओढून काढायची. टेप निघाली की मागे जी स्वच्छ काळी रेघ राहते ती बघताना मला इंजिनिअर असल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्याने माझ्या बॅजवर 'पूल टेक्निशियन' लिहून घेतलं.

सीझन सुरू झाला की रोज सकाळी सात वाजता एक बाई पोहायला यायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, दोन्ही खुबे संधिवाताने धरलेले, जमिनीवर काठी घेऊन चालणाऱ्या. पाण्यात उतरल्या की मात्र माशासारख्या. क्लबच्या कमिटीवर त्या होत्या. मी गुडघ्यांवर बसून जॉइंट तपासत असले की पाण्यातून विचारायच्या, "आज आमच्या रबराची तब्येत कशी आहे?" त्यांच्या बागेतला रुबार्ब, म्हणजे आंबट लाल देठ, मला आणून द्यायच्या. मी त्याचा कैरीसारखा मेथांबा करून त्यांना बरणीतून परत द्यायचे, आणि तो त्या चक्क चीजबरोबर खायच्या.

मग म्हातारा मॅनेजर निवृत्त झाला आणि नवा आला. चाळिशीचा, हॉटेलांत काम केलेला, पांढरेशुभ्र बूट घालणारा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या नावातली पहिली दोन अक्षरं उचलून आपल्याला सोयीचं एक नाव तयार केलं आणि तेच चालू ठेवलं. वागायला गोड. सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचा. मी त्याला वाईट म्हणत नव्हते, तेव्हा.

फेब्रुवारीत त्याने मला बारमध्ये बोलावलं. टॅब्लेटवर ड्रोनने काढलेले क्लबचे फोटो होते.

"ही काळी रेघ बघ," तो म्हणाला. "पूलला कुणी आयलायनर लावल्यासारखं दिसतंय. वेबसाइटवर टाकायचेत हे फोटो. मार्चमध्ये माझा टाइल्सवाला येतोय, तो दगडाच्या रंगाचं ग्राउट भरून देईल. सगळं एकसंध दिसेल."

"तिथे ग्राउट चालत नाही," मी म्हटलं. "ते सिमेंटचं, कडक होतं. ती रेघ नाही, जॉइंट आहे. डेकला हलायला जागा लागते."

"ती फट आहे. फट असली की बुजवायची."

मी त्याला समजावून सांगितलं. हाताचे दोन पंजे एकमेकांना लावून दाखवले, डेक कसा ढकलतो ते. नागपूरच्या सात दगडांची गोष्ट सांगितली. त्याने मान हलवत हलवत ऐकली आणि म्हणाला, "गोष्ट मस्त आहे. पण तुमच्याकडचं ऊन इथे ब्रिस्टलमध्ये कुठून आणायचं?"

बारमागची दोघं हसली. तो हसला. आणि मीही हसले. त्या हसण्याचा मला पुढे त्याच्याइतकाच स्वतःचा राग आला.

घरी येऊन मी त्याला ईमेल लिहिला. जॉइंट कशासाठी असतो, ग्राउट भरलं तर उन्हाळ्यात काय होईल, हिवाळ्यात पाणी आत जाऊन गोठलं तर काय होईल, असे तीन परिच्छेद आणि खाली फोटो. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'नोटेड, थँक्स!' आणि एक अंगठा.

मार्चमध्ये त्याची माणसं आली आणि माझं सहा वर्षांचं सीलंट ओरबाडून काढून, त्या जागी फिकट राखाडी ग्राउट भरून गेली. दिसायला छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. फोटोही छान आले.

जुलैत दहा दिवस सलग ऊन पडलं. नागपूरच्या मानाने ते काहीच नव्हतं, पण ब्रिस्टलच्या डेकला पुरेसं होतं. एका शुक्रवारी दुपारी मला उथळ बाजूच्या पायऱ्यांजवळ एक दगड करंगळीएवढा वर आलेला दिसला. मी तिथे पिवळा प्लॅस्टिकचा कोन ठेवला, मॅनेजरला मेसेज केला की हा कोपरा बंद ठेवा, आणि घरी गेले. शनिवारी माझी सुट्टी असायची. त्या शनिवारी क्लब बघायला बाहेरची माणसं येणार होती, ओपन डे होता. कोन फोटोत वाईट दिसतो म्हणून मॅनेजरने तो शुक्रवारी संध्याकाळीच उचलून बारमागे ठेवला. हे मला बारमधल्या मुलीने नंतर सांगितलं.

शनिवारी सकाळी सात वाजता त्या बाई आल्या, काठी बाकावर ठेवली, आणि पायऱ्यांकडे जाताना त्या दगडाला अडखळून पडल्या. मनगट मोडलं, टाच फाटली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कमिटीची मीटिंग झाली. मलाही बोलावलं होतं. बाई हाताला प्लास्टर घालून समोरच बसल्या होत्या. मॅनेजर उभा राहिला आणि फार जड अंतःकरणाने म्हणाला, "काठाच्या जॉइंटची देखभाल पूल टेक्निशियनकडे असते. या वर्षी ती नीट झाली नाही, हे मला खेदाने सांगावं लागतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तो माझी बाजू घेतल्यासारखा म्हणाला, "तिला दोष देऊ नका. ती मेहनती आहे. फक्त तिचं शिक्षण वेगळ्या पद्धतीच्या ठिकाणी झालंय."

इथे माझं उघडलेलं तोंड मिटलं. फोन माझ्या खिशात होता, ईमेल फोनमध्ये होता, दोन बोटांचं काम होतं. पहिलं मिनिटभर मी धक्क्याने गप्प होते. त्यानंतर जी गप्प बसले ती विचार करून. मला पूलवरून काढून पुन्हा चेंजिंग रूमवर घातलं गेलं. मी "ठीक आहे" म्हणाले आणि बॅज टेबलावर काढून ठेवला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, ईमेल आहे ना तुझ्याकडे? आत्ता सगळ्यांना फॉरवर्ड कर."

"नाही."

"का नाही?"

"आत्ता पाठवला तर काय होईल? तो सॉरी म्हणेल. गैरसमज झाला म्हणेल. एक कोपरा दुरुस्त करतील आणि तो आहे त्या खुर्चीत राहील."

"मग तुला करायचंय काय?"

"थंडी येऊ दे," मी म्हटलं.

 नवराही इंजिनिअरच. ग्राउटला केसाएवढ्या भेगा पडल्यात, त्यातून पावसाचं पाणी खाली जाणार, खाली अडकलेलं पाणी गोठणार आणि गोठताना फुगणार, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. "तू मुद्दाम होऊ देणार?" एवढंच त्याने विचारलं. मी पोळ्या लाटत होते, त्या लाटत राहिले.

लेक तेव्हा सतरा वर्षांची, इथेच वाढलेली. ती जिन्यावरून ऐकत होती. "आई, पण तुझा चूक नाहीये, तर तू का गप्प?" एरवी मी 'तुझी चूक' म्हणून तिला सुधारलं असतं. त्या दिवशी सुधारलं नाही.

त्या वर्षीचा सीझन लवकरच आटोपून पूलला कुलूप लावलं होतं, त्यामुळे कुणी पडायची भीती नव्हती. तेवढी खात्री मी मनाशी करून घेतली आणि स्वतःला मोकळं सोडलं. हिवाळ्यात चेंजिंग रूमचे पाइप तपासायला मी आठवड्यातून दोनदा जायचे आणि परतताना काठाने एक चक्कर मारायचे. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडच्या एका भेगेत माझं नख जात होतं. नोव्हेंबरात घराच्या किल्लीचं टोक गेलं. मी फोटो काढायचे, घरी येऊन फाइलमध्ये लावायचे. बागेतल्या रोपाची वाढ बघावी तशी मी ती भेग बघत होते.

डिसेंबर मात्र भिजका आणि कोमट गेला. रस्त्यात भेटेल तो म्हणे, काय छान हिवाळा आहे यंदा. मी आतल्या आत चरफडायचे. एकदा संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना मी चक्क कडाक्याची थंडी मागितली. मग माझी मलाच लाज वाटली. पण मागणं परत घेतलं नाही.

आणि तो? तो आनंदात होता. तो ड्रोनचा फोटो मोठा करून त्याने दरवाजाशी लावला. नाताळात सगळ्या स्टाफला बिस्किटांचे डबे वाटले. माझ्या डब्यावरच्या कार्डात लिहिलं होतं, की बदल इतक्या मोठ्या मनाने स्वीकारल्याबद्दल आभार. ती बिस्किटं मी घरात आणली नाहीत. कार्ड मात्र आणलं आणि फाइलला लावलं.

जानेवारीच्या मध्यावर थंडी पडली. सलग सहा दिवस पारा दिवसासुद्धा शून्याच्या वर आला नाही. गाडीच्या काचा खरवडताना मी गाणं गुणगुणत होते, असं नवरा सांगतो. सातव्या दिवशी बर्फ वितळलं आणि मॅनेजरचा फोन आला. बॅज गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"जरा लवकर येतेस का? पूलच्या उत्तरेच्या बाजूला काहीतरी झालंय."

मी गेले. बारा दगड उचलले गेले होते. त्यांच्याखालच्या टाइल्सची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली होती आणि पाणी वीतभर खाली गेलं होतं. तो आपल्या पांढऱ्या बुटांनी चिखलात उभा होता.

"हे काय आहे? काय करायचं आता?" त्याने विचारलं.

"मी तर फक्त चेंजिंग रूम बघते," मी म्हटलं, आणि आत जाऊन नळ तपासले. सगळे नीट होते. तिथल्या बाकावर मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. माणसाने हे कबूल करू नये, पण ते सुख होतं.

फेब्रुवारीत इन्शुरन्सकडून सर्व्हेअर आली. एडिनबराची, उंच, थोडं बोलणारी बाई. कमिटीच्या अध्यक्षांसोबत मॅनेजर तिला पूल दाखवत होता आणि मी किल्ल्या घेऊन मागे उभी होते. ती खाली वाकली, ग्राउटवर नख घासलं आणि विचारलं, "इथे सीलंट नाही? हे कडक ग्राउट कधी भरलं?"

"ते पूर्वीपासूनच तसं आहे," मॅनेजर म्हणाला. "माझ्या येण्याआधीपासून."

तो इतकं उघड खोटं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी मागितलं होतं त्यापेक्षा हे जास्तच पदरात पडत होतं. फाइल माझ्या बॅगेत होती, पाच महिने रोज होती. मी आधी ती काढली नाही. आधी छिन्नी आणि हातोडी काढली.

"एक मिनिट द्याल?" मी सर्व्हेअरला म्हटलं आणि गुडघ्यांवर बसले. दोन घाव घातले. ग्राउटचा हातभर तुकडा सुटून वर आला. त्याच्या बगलेला माझं जुनं काळं सीलंट चिकटलेलं होतं, त्याच्या माणसांनी पूर्ण काढायचा कंटाळा केला होता. मी तो तुकडा सर्व्हेअरच्या हातात दिला.

"हे काळं माझं आहे. सहा वर्षं मी भरत होते. हे राखाडी गेल्या मार्चमधलं," मी म्हटलं. मग फाइल दिली. ईमेल, त्याचं उत्तर, कोनाचा मेसेज, महिन्यामहिन्याचे भेगेचे फोटो.

ती उभ्या उभ्या वाचत गेली. वाचून झालं की पान अध्यक्षांकडे द्यायची. वाऱ्याने कागद फडफडत होते. मॅनेजरचा चेहरा आधी गळ्यापासून लाल झाला आणि मग एकदम पांढरा. "मला हे... माझ्या लक्षात नव्हतं," तो म्हणाला.  मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. मी नजर हलवली नाही, पापणीसुद्धा हलवायची इच्छा नव्हती, न जाणो काही बघायचं राहून जाईल.

पुढच्याच आठवड्यात कमिटी बसली. मीटिंग सुरू व्हायच्या आधीच त्याने राजीनामा पाठवला होता. तो समोर नाही म्हणून मी खट्टू झाले होते. माझी बरीच वाक्यं पाठ होती. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, बॅज परत दिला. माणसं टेबलावर थाप देऊन दाद देत होती. तेव्हा त्या बाई बोलल्या. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच जुळलं होतं.

"हा ईमेल तुझ्याकडे सप्टेंबरमध्ये होता?"

"हो."

"थंडीआधी तो जॉइंट उघडला असता तर पूल वाचला असता?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसाच्या खोटेपणावरच तर मी जिंकले होते. "हो," मी म्हटलं. "बहुतेक वाचला असता."

"मग तू दाखवला का नाहीस?"

"मला तो नुसता चुकीचा ठरायला नको होता," मी म्हणाले. "तो उद्ध्वस्त व्हायला हवा होता."

 दुरुस्तीला अख्खा उन्हाळा जाणार होता, या सीझनला पूल उघडणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी काठी हातात घेतली आणि उठताना शांतपणे म्हणाल्या, "मी ब्याऐंशीची आहे. माझ्याकडे असे किती उन्हाळे उरलेत असं तुला वाटतं?"

त्या वर्षी त्या दोन बस बदलून कौन्सिलच्या बंदिस्त पूलला जात होत्या. मी एकदा त्यांना बसस्टॉपवर पाहिलं, ओला टॉवेल पिशवीत, उभं राहवत नाही म्हणून बाजूच्या भिंतीला टेकलेल्या. मी गाडीत होते. थांबले नाही. थांबायचं धाडस झालं नाही.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं का? नाही. आजही वाटत नाही. वेल्समध्ये कुठल्याशा हॉटेलात तो लागला असं कळलं, तेव्हाही मला वाटलं, इतक्या लवकर कशाला लागला. पण त्या बाईंचा तो बसस्टॉपवरचा चेहरा माझ्या आनंदाला रोज थोडा थोडा कुरतडत होता. मी हिशेबात फक्त त्याला धरलं होतं. पूल हा त्याचा नव्हता, हे मी पाच महिने स्वतःला आठवूच दिलं नव्हतं.

दगड पुन्हा बसवून झाले आणि सप्टेंबरात जॉइंट भरायची वेळ आली, तेव्हा कमिटी म्हणाली, बाहेरचा माणूस बोलावू. मी म्हटलं, मीच करणार. अकरा दिवस लागले, त्यातले पाच पाऊस थांबायची वाट बघण्यात गेले. शेवटची टेप ओढली त्या दुपारी मी हात धुतले आणि तशीच त्या बाईंच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

त्यांनी दार उघडलं, माझ्या गुडघ्यांवरचे डाग पाहिले, आणि आत घेतलं. चहा केला. मी कप हातात धरून म्हटलं, "मी माफी मागायला आले. तुमच्यासाठी. त्याच्यासाठी नाही."

"त्याच्यासाठी मागितली असतीस तर हाकलून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "त्याने मला हॉस्पिटलात फुलं पाठवली होती, माहितीये? क्लबचं चिन्ह छापलेल्या रिबिनीत बांधून. आणि अपघाताच्या अहवालात लिहिलं, की मी पायात काही घातलं नव्हतं. स्विमिंग पूलवर!"

मला हे माहीत नव्हतं. मी तसं म्हणाले.

"तू विचारलंसच कुठे? तुला वाटलं, राग फक्त तुलाच आलाय." त्यांनी वाकड्या मनगटाने साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "मला विचारायचं होतंस. माझं मनगट, माझा उन्हाळा. कदाचित मी म्हटलं असतं, होऊ दे. कदाचित मी म्हटलं असतं, पूल वाचव, त्याचं आपण दुसरं काहीतरी बघू. पण मला विचारायला हवं होतंस."

"हो," मी म्हटलं.

"मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे."

"हो."

"अजून बरेच दिवस राहीन."

मी चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि निघाले.

पुढच्या मे महिन्यात पूल उघडला. पहिल्या सकाळी सातला त्या आल्या, काठी बाकावर ठेवली, पायऱ्या उतरून पाण्यात शिरल्या आणि सरळ दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. मी काठाशी पट्टी घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज माझं काम करत राहिले. जूनच्या मध्यावर एका सकाळी त्या पलीकडच्या काठाला वळण घेऊन परत आल्या, मी बसले होते तिथे येऊन थांबल्या, नाकातलं पाणी शिंकरलं आणि म्हणाल्या, "पाणी आज बरंच गार आहे."

"एकोणीस डिग्री," मी म्हटलं.

"एकोणीस?" त्या म्हणाल्या. "वाटत नाही." आणि पुढची फेरी मारायला निघाल्या.